स्टॅक्स लॅम्डा आणि एसआरएम-१ मार्क-२ : दुरुस्तीच्या नोंदी

११ मे २०२४

माल आला. निशिकासाईला राहणाऱ्या मित्राने टोकियोतून सामानात आणला. स्टॅक्स या जपानी कंपनीचा एसआर-लॅम्डा हा इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन (१९७९ सालचं डिझाइन, २३० व्होल्ट बायसवाला, म्हणजे आतल्या फिल्मला तेवढं स्थिर व्होल्टेज लागणारा) आणि सोबत एसआरएम-१ मार्क-२ अँप. विकणाऱ्याने 'जंक' म्हणूनच लावला होता. जपानात या शब्दाचा अर्थ एवढाच, की आम्ही तपासलेला नाही, परत घेणार नाही. मित्राने तिथेच प्लग लावून ऐकला : वाजतो, पण डावी बाजू मंद.

बाहेरून अवस्था बरी. कानाच्या गाद्यांचं काळं रेक्झिन तडकलंय, हात लावला की पापुद्रे निघतात. सपाट केबल मात्र कुठेही कडक झालेली नाही. ती तशीच ठेवणार. केबल बदलण्याची अनेकांना हौस असते. इथे ती हौस महागात पडते. हा हेडफोन म्हणजे मुळात केबलसकट एका बाजूला जेमतेम ११० पिकोफॅरडचा कपॅसिटर आहे. म्हणजे १० किलोहर्ट्झला १४५ किलोओहम. तारा लांब-लांब ठेवून सपाट केबल बनवली आहे ती याच कारणासाठी. त्या जागी पीळ दिलेली देखणी केबल घातली, की कपॅसिटन्स वाढतो आणि वरच्या पट्टीत अँपला दम लागतो.

आज प्लग लावायचा नाही. घरात २३०, अँपला हवेत १००.

१२ मे

कप उघडले. गाद्या दुहेरी टेपवर चिकटवलेल्या असतात. प्लास्टिकची पट्टी घालून सावकाश सोडवल्या. आतल्या फोमचं काय झालं असेल याची कल्पना होती : काळपट, चिकट भुगा. चाळीसेक वर्षांनी हा फोम असाच होतो, त्याला इलाज नाही. कापूस लावलेली काडी आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) यांनी चौकट पुसून घेतली. ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, बाजूला काढून झाकून ठेवले.

दोन्ही ड्रायव्हरवर धूळ अडवणारा पातळ पारदर्शक पडदा असतो. उजवीकडचा शाबूत आहे. डावीकडच्याला कोपऱ्यात चीर, आणि चिरेच्या अगदी जवळ फोमचा भुगा साचलेला. डावी बाजू मंद का, याचा पहिला संशयित सापडला.

ज्यांनी हे यंत्र आतून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन भोकाभोकांच्या धातूच्या जाळ्या आणि मधोमध मायक्रॉनच्या मापातली प्लास्टिकची फिल्म. जाळी आणि फिल्म यांत सुमारे ०.३ मिलिमीटर फट. फिल्मवर विजेला जेमतेम वाट देणारा लेप असतो, त्यातून तिला २३० व्होल्टचा स्थिर भार देतात, हाच बायस. गाण्याचा सिग्नल दोन जाळ्यांवर उलटसुलट जातो, एक जाळी ओढते तेव्हा दुसरी ढकलते. लेपाचा रोध मुद्दाम गिगाओहममध्ये ठेवलेला असतो. आवाजाच्या एका कंपनात भार इकडून तिकडे पळता कामा नये, तो जागच्या जागी राहिला तरच बल सिग्नलच्या प्रमाणात राहतं.

यातून पुढच्या सगळ्या कामाचा नियम निघतो : जिथे गिगाओहमांवर कारभार चालतो, तिथे बोटाचा घाम, सोल्डरचा फ्लक्स, दमट हवा, सगळेच 'तारा' होतात. एरवी ज्याला आपण इन्सुलेटर म्हणतो ते इथे वाहक निघतं.

१८ मे

लॅमिंग्टन रोड. यादी : मेन फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (कॅप), त्याच मूल्याचे पण ४५० व्होल्ट आणि १०५ डिग्रीचे, तीन पिनांचं सॉकेट, फ्यूज, आणि १०० मेगाओहमचे दहा रेझिस्टर.

शेवटच्या मागणीवर दुकानदार थबकला.

"शंभर के ना?"

"नाही काका, मेग. शंभर मेग."

"एवढ्याचं तुम्ही करता काय?"

सांगितलं तर त्यांनी आतून धुळीने माखलेला खोका काढला. मिळाले. गंमत म्हणजे कॅप मिळायला जास्त वेळ लागला. ओळखीच्या जपानी नावांचे नकली कॅप इतके झालेत की वजन आणि छपाई बघूनच घ्यावे लागतात. अँपमधले जुने जपानी ट्रान्झिस्टर मात्र कोणत्याही किमतीला इथून घेणार नाही. ते आता बनत नाहीत आणि बाजारात असलेल्यांवर विश्वास नाही. जळले तर तेव्हा बघू.

येताना वाइंडिंगवाल्याकडे गेलो. त्याला २३० ते १००, १०० व्हीए, दोन्ही वाइंडिंग पूर्ण वेगळी, असा ट्रान्सफॉर्मर सांगितला. "११० चा तयार आहे, तो न्या की!" हे अपेक्षितच होतं. पण आमच्याकडे रात्री मेन्स २४३ पर्यंत चढतो. २३० वर १०० देणारा ट्रान्सफॉर्मर तेव्हा १०५ च्या वर देणार, कमी लोडवर अजून थोडं जास्त. ११० वाला तर ११६ देईल. म्हणून ९५ आणि १०० असे दोन टॅप मागितले.

ऑटोट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, पण नको. जपानी प्लगला अर्थिंगची पिन नाही, अँपचा डबा धातूचा, आणि ऑटोमध्ये घराचा मेन्स आणि अँप यांच्यात आडवं काहीच उभं राहत नाही. फ्रिक्वेन्सीची काळजी नव्हती. पूर्व जपानात ५० हर्ट्झ आणि पश्चिमेत ६०, त्यामुळे तिथली यंत्रं दोन्हींवर चालतील अशीच बनवतात.

२५ मे

कॅप बदलले. बदलण्याआधी १० के, १० वॅटच्या रेझिस्टरने जुने रिकामे केले, मग मीटरने खात्री केली, मगच बोट घातलं. या अँपच्या आत धन आणि ऋण असे शेकडो व्होल्टचे रेल (वीजपुरवठ्याच्या वाटा) आहेत आणि त्यांच्या मागे मोठे कॅप आहेत. ते माणूस मारू शकतात. उलट, ज्या बायसला सगळे घाबरतात तो बिचारा ४.७ मेगाओहमच्या बॅलास्टमागे (प्रवाह आवरणाऱ्या रेझिस्टरमागे) असतो : २३० भागिले ४.७ मेग, म्हणजे ५० मायक्रोअँपिअरसुद्धा नाही. भीती कशाची बाळगायची हे नीट ठरवलेलं बरं. एक हात खिशात, पायात रबरी चप्पल.

संध्याकाळी सिरीज बल्ब (अँपच्या वाटेत मालिकेत जोडलेला दिवा) लावून पहिल्यांदा वीज दिली. हेडफोन जोडलेला नाही. ६० वॅटचा बल्ब एकदा उजळला, मंदावला आणि मंदच राहिला. तासभर काही तापलं नाही, वास नाही. ९५ च्या टॅपवर १०३ व्होल्ट मिळतात. चालेल.

२६ मे

बायस मोजला. साध्या डिजिटल मीटरने सॉकेटवर १५६ व्होल्ट.

हा आकडा बघून बायसचं सर्किट उघडून बसणारे लोक मला माहीत आहेत. सर्किटला काही झालेलं नाही. मीटरचा स्वतःचा रोध १० मेग, बॅलास्ट ४.७ मेग. दोघांनी व्होल्टेज वाटून घेतलं : २३० गुणिले १० भागिले १४.७, बरोबर १५६. मीटर जे मोजायला गेला तेच त्याने खाली ओढलं.

म्हणून ते १०० मेगचे दहा. प्लास्टिकच्या नळीत ओळीने सोल्डर करून १ गिगाओहमचा प्रोब केला, सांधे आयपीएने दोनदा धुतले, नळीची टोकं बंद केली. आता मीटरवर २.२७ व्होल्ट. हिशेबाने हे २३० च आहेत. बायस ठणठणीत.

१ जून

तानपुरा लावून ऐकलं. चॅनेलचा समतोल तपासायला मोनो तानपुऱ्यासारखं दुसरं काही नाही. आवाज थांबत नाही, आणि जवारीमुळे खालपासून वरपर्यंत सगळे स्वरांश हजर असतात. मधोमध ऐकू यायला हवा तो षड्ज उजव्या कानाकडे सरकलेला. सॉफ्टवेअरमध्ये डावी बाजू ६ डेसिबल वाढवली तेव्हा मधे आला.

अँपला गाणं आणणाऱ्या आरसीए तारा उलटसुलट केल्या तरी डावीच मंद. म्हणजे सोर्स सुटला. पण एवढ्यावर दोष हेडफोनचा, असं म्हणता येत नाही. अँपचं आउटपुट अजून संशयात आहे.

अँप तासभर गरम करून आउटपुट मोजलं, प्रत्येक जाळीची पिन ते ग्राउंड :

डावी : +४१ आणि +३५.
उजवी : −९ आणि −१३.

इथे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दोन पिनांमधला फरक (डावीकडे ६, उजवीकडे ४) म्हणजे बॅलन्स. तो बिघडला तर फिल्म एका जाळीकडे झुकते. दोन्ही पिना मिळून ग्राउंडपासून जितक्या सरकल्या तो ऑफसेट. फिल्मला २३० मिळतात ते ग्राउंडच्या तुलनेत. जाळ्याच +३८ वर बसल्या तर फिल्म आणि जाळी यांच्यात उरतात १९२. उजवीकडे जाळ्या −११ वर, म्हणजे तिथे २४१. आवाज या व्होल्टेजच्या प्रमाणात असतो. २४१ आणि १९२ मधला फरक जवळजवळ २ डेसिबल.

म्हणजे सहांपैकी दोन डेसिबलचा गुन्हेगार अँप, आणि हेडफोनकडे बोट दाखवून आपण मोकळे झालो असतो.

प्लास्टिकच्या दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरने ट्रिमर (अँपमधले जुळवणीचे बारीक नॉब) सावकाश फिरवले. आधी बॅलन्स, मग ऑफसेट, मग पुन्हा बॅलन्स, कारण एक हलवला की दुसरा थोडा सरकतो. झाकण लावून अर्ध्या तासाने परत मोजलं, कारण झाकणाने आतलं तापमान बदलतं. आता चारही पिना शून्याच्या आसपास तीन-चार व्होल्टमध्ये डुलतात. दहापर्यंत गेल्या तरी मी हात लावणार नाही.

तानपुरा पुन्हा. आता फरक ४ डेसिबल.

२ जून

उरलेले ४ डेसिबल हेडफोनचे. आज गळती मोजली.

नॅनोअँपिअर मोजणारं यंत्र माझ्याकडे नाही. पण १० मेग रोधाचा मीटर हाच एक नॅनोअँपिअर-मीटर आहे, फक्त तो मालिकेत जोडायचा. बायस, मग मीटर व्होल्टच्या रेंजवर, मग फिल्मची पिन. दोन्ही जाळ्या ग्राउंडला. मीटरवर १० मिलिव्होल्ट म्हणजे १ नॅनोअँपिअर. मीटर मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवू नये, बऱ्याच मीटरांचा रोध तिथे वेगळाच असतो.

उजवी : ४ मिलिव्होल्ट. ०.४ नॅनोअँपिअर.
डावी : ३१० मिलिव्होल्ट. ३१ नॅनोअँपिअर, म्हणजे साधारण ७.४ गिगाओहमची गळती.

आता विचार करण्यासारखी गोष्ट ही, की ७.४ गिगाओहमची गळती ४.७ मेगच्या बॅलास्टच्या मानाने अगदीच किरकोळ आहे. फिल्मच्या कडेला, ती जिला चिकटवलेली असते त्या रिंगपाशी एवढी गळती असती तर बॅलास्टने ती बसल्या जागी भरून काढली असती आणि आवाजात फरकच पडला नसता. आवाज ४ डेसिबल खाली आहे, म्हणजे फिल्मच्या मधल्या भागात २३० ऐवजी दीडशेच्या आतच व्होल्ट पोचताहेत. हे तेव्हाच होतं जेव्हा गळती रिंगपासून दूर, फिल्मच्या पोटात असते, आणि तिथवर पोचणारा प्रवाह त्या गिगाओहमच्या लेपातून यावा लागतो. सगळं नुकसान लेपाच्या वाटेत होतं.

तात्पर्य : कडा घासत बसून उपयोग नाही. जाळी आणि फिल्म यांच्या मधल्या फटीत काहीतरी अडकलंय, आणि ते काय असावं हे १२ तारखेच्या चिरेने सांगितलंच आहे.

९ जून

ड्रायव्हर रिकामा केला. सगळ्या पिना १ मेगच्या रेझिस्टरने एकमेकींना जोडून रात्रभर ठेवल्या. भारलेली फिल्म धुळीला ओढून धरते, त्यामुळे भार उतरवल्याशिवाय फुंकर मारण्यात अर्थ नाही.

जाळ्या वेगळ्या करायच्या नाहीत, हे आधीच ठरवलं होतं. फिल्म ठरावीक ताणावर रिंगला चिकटवलेली असते. ड्रायव्हर फोडला की ताण, फट आणि स्वच्छता तिन्हींची जबाबदारी आपल्यावर येते. लोक घरी नवी फिल्म ताणतात, लेपही देतात, आणि ते शक्य आहे. पण जी फिल्म वाजते आहे तिला त्यासाठी बळी देणं मला मान्य नाही.

चिरलेलं धूळपटल काढलं. ड्रायव्हर उभा, तोंड खाली. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळतो तो रबरी ब्लोअर, एक वीत अंतरावरून, तिरका. डब्यातली दाबाची हवा कटाक्षाने टाळली : ती फिल्म जाळीवर आपटवते, वर कधीकधी द्रवाचे थेंबही सोडते. बाजू बदलत, थांबत थांबत. खाली ठेवलेल्या पांढऱ्या कागदावर काळे कण पडले. एक केसही होता, आणि तो माझा नक्की नाही. इतका लांब केस माझ्या डोक्यावर कधी नव्हता.

दुपारी मोजलं : १२ मिलिव्होल्ट. १.२ नॅनोअँपिअर. तानपुरा जवळजवळ मधे. अर्ध्या डेसिबलचा फरक कानांना वाटतो, तो हेडफोन उलटा घातला तरी त्याच कानाकडे राहतो. मग तो माझ्या कानांचा. त्याला ट्रिमर नाही.

१५ जून

नवं धूळपटल : काही मायक्रॉन जाडीची पॉलिएस्टर फिल्म. स्वयंपाकघरातली चिकटणारी फिल्म जाड आणि जड पडते, वरची पट्टी मंद होते. चौकटीवर चिकटवताना ताणली नाही. घट्ट ताणली तर तिचाच सूर लागतो. थोड्या सुरकुत्या दिसतात, राहू देत.

नव्या गाद्या लावल्या. घालताना कप दाबले की आतून 'फर्र' असा आवाज येतो. बंद हवेच्या दाबाने फिल्म जाळीला टेकते आणि सुटते, एवढंच. स्टॅक्सवाले त्या आवाजाला इंग्रजीत जे म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. उलट तो आवाज आला म्हणजे गादी कानाभोवती नीट बसली. खालचा आवाज पातळ वाटत असेल तर आधी गादीची फट बघावी, चष्म्याची काडी बघावी, अँपकडे मग वळावं.

२२ जून

तीन पिनांचं सॉकेट बसवलं. अर्थ थेट डब्याला, मध्ये काही नाही. लगेच घुं... सुरू. लॅपटॉपचा चार्जर काढला की गप्प. म्हणजे ग्राउंड लूप : अर्थला दोन वाटा मिळाल्या आणि त्यांच्या फेऱ्यातून गुणगुण शिरली. सिग्नलचं ग्राउंड डब्यापासून १० ओहमच्या रेझिस्टरने वेगळं केलं, त्याला समांतर उलटसुलट दोन डायोड. गुणगुण गेली, डब्याचा अर्थ अबाधित.

१३ जुलै

आठवडाभर पाऊस थांबलेला नाही. डोंबिवलीत आत्ता खोलीत आर्द्रता ८८ टक्के. हेडफोन मुद्दाम दोन दिवस टेबलावर उघडा ठेवला होता, बघायला.

उजवी ०.४ वरून २.६ नॅनोअँपिअर. डावी १.२ वरून ५. दोन्ही बाजू थोड्या दबल्या, डावी जरा जास्त. एक-दोनदा बारीक चरचर.

हे सगळं दमट हवेचं काम. लेप ओलावा धरतो, भोकांच्या कडेला बसलेली बारीक धूळ ओलावा धरते. रात्रभर स्टीलच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवला (डब्यात ३५ टक्के), सकाळी आकडे मूळ जागी. आता हाच त्याचा कायमचा पत्ता. जेल नारिंगीचं हिरवट झालं की कढईत मंद आचेवर परतायचं. आईने ती कढई मला देऊन टाकली आहे, परत नको म्हणाली.

ड्रायर, ओव्हन, उन्हात ठेवणं असले उपाय सुचवले जातात. फिल्मचा ताण प्लास्टिकच्या चौकटीवर अवलंबून आहे. गरम करून मी तो घालवणार नाही.

२० जुलै

निशिकासाईच्या मित्राचा प्रश्न : "यालाच ५८० व्होल्टचा बायस देऊन प्रो का करत नाहीस? आवाज आठ डेसिबल वाढेल."

गणित बरोबर आहे, ५८० भागिले २३० म्हणजे ८ डेसिबल. पण १९८२ च्या लॅम्डा प्रोमध्ये नुसता बायस वाढवलेला नाही, फटही सुमारे अर्ध्या मिलिमीटरची केली आहे. ०.३ च्या फटीत ५८० घातले तर दर मिलिमीटरला १,९०० व्होल्टच्या वर जातात, आणि ते गाणं सुरू होण्याआधी. त्यावर सिग्नलचे अडीचशे चढले की २,७०० पार. कोरडी हवा ३,००० च्या आसपास फुटते, आमच्या जुलैत ओलावा धरलेल्या धुळीवरून ठिणगी त्याआधीच पडायची. शिवाय फिल्मला जाळीकडे ओढणारं बल व्होल्टेजच्या वर्गाने वाढतं, सहापटीहून जास्त. ती एकदा जाळीला चिकटली की ठिणगी, आणि ठिणगीने पडलेलं भोक बुजत नाही.

स्टॅक्सने स्वतःच ही सोय केली आहे : जुना प्लग सहा पिनांचा, प्रोच्या सॉकेटला पाचच भोकं, मधलं नाहीच. जुना हेडफोन तिथे बसतच नाही. उलट पाच पिनांचा प्रो जुन्या सॉकेटमध्ये बसतो, कमी आवाजात वाजतो, बिघडत नाही. ती मधली पिन कापून टाकायचा सल्ला कोणी दिला तर त्याला आपला हेडफोन दाखवू नये.

बायसला झेनरची (व्होल्टेज एका जागी धरणाऱ्या डायोडची) साखळी लावून स्थिर करण्याचा विचार होता, तोही सोडला. मेन्स दहा टक्के हलला तर आवाज डेसिबलभरही हलत नाही, आणि दोन्ही बाजू एकत्र हलतात.

२८ सप्टेंबर

पाऊस ओसरतोय. तिमाही तपासणी : ऑफसेट डावी +२, उजवी −३, बॅलन्स दोन्हीकडे व्होल्टच्या आत. गळती डावी १.१, उजवी ०.४. बायस २.२७ (म्हणजे २३०).

उजव्या बाजूचा व्हॉल्यूम नॉब फिरवताना सुरुवातीला खरखरतो. क्लीनर बाहेरून मारणार नाही, तो थेट बोर्डवर उतरतो आणि पुन्हा गळतीचं पुराण सुरू. पॉट (नॉबमागचा बदलता रेझिस्टर) काढून धुवावा लागेल. चारही ट्रॅक आधी मोजून घ्यायचे, दिवाळीच्या सुट्टीत. हेडबँडच्या डाव्या कडीला बारीक तडा दिसतोय, ती तोवर मित्राला तिथे शोधायला सांगितली आहे.